फिनिशमध्ये चालेल का?

हॅनकॉकच्या चर्चच्या तळघरात, मंगळवारी संध्याकाळी
मी हौशी रेडिओच्या परवान्याचा वर्ग घेते.
पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास.
यंदा चौघे आले. तिघं पोरसवदा,
चौथा उर्हो लाहती, वय शहात्तर,
बुटांवरचा बर्फ दाराशी न झटकता
थेट पहिल्या बाकावर.
परवाना कशाला हवा, मी विचारलं.
इर्मा फोन उचलत नाही, म्हणाला.
बहीण. सरोवराच्या पलीकडे, थंडर बेला.
नवरा गेल्यापासून त्याचा रेडिओ तीच चालवते म्हणे.

पुस्तकात नसलेलेच प्रश्न विचारायचा.

मी म्हणाले, हवेतून धंदा करायचा नाही.
बटाट्याचा भाव सांगितला तर?
विकायचे असतील तर नाही.
आणि यंदा सडले, एवढंच सांगितलं तर?
सडलेले चालतील.
पोरं हसली. तो लिहून घेत होता.

मी म्हणाले, अर्थ लपवायला सांकेतिक लिपी वापरायची नाही.
अक्षरांचे सूर करा, सुरांचे शून्य-एक करा,
पण ती रीत जगजाहीर हवी,
वाटेत कान लावून बसलेल्या कुणालाही
वाचता यायला हवं.
त्यानं पेन्सिल खाली ठेवली.
फिनिशमध्ये चालेल का?
चालेल. भाषा म्हणजे कुलूप नव्हे.
फक्त दर दहा मिनिटांनी, आणि उठताना,
आपली कॉलसाइन द्यायची. ती मात्र इंग्रजीत.

आणि शक्ती लागेल तेवढीच वापरायची.
पाच वॉटमध्ये भागत असेल, तर शंभर नाही.
हे कायद्यात आहे?
कायद्यात आहे.
भिंतीकडे बघत तो पुटपुटला,
आमच्या घरात कुणी वाचला नसावा.

शेवटच्या मंगळवारी खुर्च्या रचू लागला माझ्याबरोबर.
कुणी उत्तरच देत नसेल,
तर हाक किती वेळ मारायची?
मी सांगितलं, एकट्यानंच बोलत राहणं मना आहे,
ते प्रसारण झालं, त्यांचा कायदा वेगळा.
हाकेला बंदी नाही.
पण किती वेळ?
घरी जाऊन मी सगळी कलमं पुन्हा चाळली.
लिहिलेलं नाही.

फेब्रुवारीत, रात्री, ऐंशी मीटरवर.
पडद्यावर धबधबा असतो, आम्ही त्याला तेच म्हणतो,
निळ्यावर पिवळ्या रेघा खाली सरकत राहतात.
त्यात एक केसाएवढी, जराशी थरथरती.
तिची कॉलसाइन, मग त्याची. थांबणं.
तिची, मग त्याची. थांबणं.
थांबायचा तो बरोबर, शिकवल्यासारखा,
दुसऱ्याला शिरता यावं एवढी जागा ठेवून.
सात रात्री मी तेवढंच वाचलं.

आठव्या रात्री त्याची रेघ थांबली
आणि किंचित उजवीकडे
दुसरी सुरू झाली.

दोघांनाही टाइप करता येत नाही धड.
एक शब्द, मग चुकलेलं खोडणं, मग पुन्हा तोच शब्द.
जोडीजोडीनं येणारे स्वर, डोक्यावर टिंबं असलेले.
काहीच लपवलेलं नव्हतं.
अक्षरन् अक्षर माझ्या पडद्यावर उमटत होतं,
आणि मला एकही कळत नव्हतं.

एक कळला.
अॅइती.
फिनिश मला येतं ते इथल्या कबरींवरचं तेवढंच:
नावाच्या वर कोरलेलं असतं, आई.
त्यानं तो लिहिला. बराच वेळ काही नाही.
मग तिनं लिहिला.

सवयीनं मी घड्याळाकडे पाहिलं.
दहा मिनिटं होऊन गेली होती. बारा.
चौदा झाली तरी दोघांपैकी कुणालाही
आपण कोण ते सांगायची आठवण नव्हती.
माझी वही उघडी होती, पेनही हातात.
मी वेळेचा रकाना कोरा ठेवला
आणि चहाचं आधण ठेवायला उठले.